नागपुरातून लिहिलेला समुद्र : ‘नीरी’च्या तीन किनारी अहवालांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

भारताला ७,५१६ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य शालेय पाठ्यपुस्तकांपासून संशोधनप्रबंधांच्या पहिल्या पानापर्यंत अनेक दशके जसेच्या तसे उतरत आले. अलीकडे केंद्र शासनाने केलेल्या फेरमोजणीत हीच लांबी ११,०९८ किलोमीटर भरली. किनारा वाढलेला नाही. मोजपट्टी बारीक झाली. खाड्यांची मुखे, बेटांच्या कडा आणि लहानमोठी वळणे जुन्या मापाने सरळ रेषेत गिळून टाकली होती, ती आता हिशेबात आली. समुद्राविषयीच्या शास्त्रीय लेखनाची चिकित्सा करताना हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एखाद्या अहवालात समुद्र किती दिसतो, हे समुद्रापेक्षा मापावर अधिक अवलंबून असते. आणि माप कोणी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी निवडले, हे बहुधा अहवालाच्या पहिल्या पानावरच ठरून गेलेले असते.

नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर. येथील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना सागरी जीव भेटतात ते फॉर्मॅलिनच्या बरण्यांत आणि फार तर कोकणातील एखाद्या शैक्षणिक सहलीत. तथापि भारतीय किनारपट्टीच्या भवितव्याविषयीचे काही अत्यंत निर्णायक लेखन याच शहराच्या नावाशी जोडलेले आहे. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून येथे स्थापन झालेली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, या नावाने ओळखली जाणारी संस्था हे त्याचे कारण होय. प्रस्तुत लेखात या संस्थेच्या तीन अहवालांचा विचार केला आहे : पूर्व किनाऱ्यावरील कोळंबी शेतीविषयीचा १९९५ चा अहवाल, सेतुसमुद्रम नौकानयन कालव्याचा २००४ चा पर्यावरण आघात मूल्यमापन अहवाल आणि रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासंबंधीचा, २०१० मध्ये जनसुनावणीपुढे आलेला अहवाल. अहवाल हीही एक संहिता असते. तिला बोलणारा असतो, जिला उद्देशून बोलायचे ती व्यक्ती वा संस्था असते, आणि तिची काही मौने असतात. साहित्यकृतीला लावली जाणारी चिकित्सेची दृष्टी तिला लावण्यास कोणतीच हरकत नसावी. किंबहुना ज्या संहितेवर हजारो कुटुंबांची उपजीविका ठरते, तिला ती आधी लावली गेली पाहिजे होती.

कोळंबीचा अहवाल :

तमिळनाडूतील ग्राम स्वराज चळवळीचे अध्यक्ष एस. जगन्नाथन यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली याचिका ‘एस. जगन्नाथ विरुद्ध भारतीय संघराज्य’ या नावाने विधी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात सुपरिचित आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी निर्यातीच्या ओढीने आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांची एकच गर्दी उसळली. भातशेती, मिठागरे आणि तिवरांची जंगले तळ्यांखाली गेली. मार्च १९९५ मध्ये न्यायालयाने नीरीच्या संचालकांना तपासपथक पाठविण्याचा आदेश दिला आणि एप्रिलमध्ये अहवाल सादर झाला. म्हणजे काम महिनाभराच्या आत उरकले.

इतक्या घाईने लिहिलेला अहवाल उथळ असेल, अशी वाचकाची अपेक्षा होते. ती खोटी ठरते. निकालपत्रात उद्धृत झालेले त्याचे भाग आजही वाचले, तर त्यांत किनारा हा केवळ पाण्याचा साठा म्हणून येत नाही. गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्या, तळ्यांच्या कुंपणांमुळे मच्छिमारांना वाळूपर्यंत जाण्याची वाट उरली नाही, तळ्यांतील खाद्य व रसायनमिश्रित पाणी खाड्यांत सुटू लागले, कोळंबीची पिल्ले समुद्रातून गोळा करताना इतर माशांची पिल्ले फुकट मेली, या सर्व गोष्टी एकाच विवेचनात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. जीवशास्त्र आणि उपजीविका यांची फारकत येथे झालेली नाही. कोळंबी शेतीमुळे होणारे पर्यावरणीय व आर्थिक नुकसान तिच्या उत्पन्नापेक्षा अधिक आहे, असा रोखठोक हिशेब अहवालाने मांडला. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग व न्यायमूर्ती एस. सगीर अहमद यांनी दिलेल्या निकालात या हिशेबाला मध्यवर्ती स्थान मिळाले. किनारा नियमन क्षेत्रात पारंपरिक व सुधारित पारंपरिक पद्धती वगळता अन्य कोळंबी तळी नकोत, चिलिका व पुलिकत सरोवरांपासून एक हजार मीटरच्या आत तर मुळीच नकोत, असे न्यायालयाने ठरविले.

या अहवालाचे गुण मान्य करूनही त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. तिवरांच्या जंगलाची किंमत रुपयांत मांडताना कोणती गृहीतके घेतली, यावर मत्स्यव्यवसायाच्या क्षेत्रातून आक्षेप आले, आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. १९९४-९५ मध्ये विषाणुजन्य रोगाने कोळंबीची तळीच्या तळी बसली. हा उद्योग स्वतःच्याच दाटीने आजारी पडतो, हा जीवशास्त्रीय मुद्दा अहवालातील आर्थिक हिशेबापेक्षा कदाचित अधिक बळकट ठरला असता. शिवाय निकालाचे आयुष्यही फार नव्हते. २००५ च्या किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याने १९९१ च्या अधिसूचनेतच पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती केली आणि किनारी जलसंवर्धन त्या मनाईतून बाहेर काढले. संसदेने शास्त्रीय विधान खोडून काढले नाही. ते ज्या नियमावर टेकले होते तो नियमच हलविला. शास्त्र आणि कायदा यांच्या संबंधांविषयी वर्गात शिकविण्यास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

सेतुसमुद्रम : प्रश्न बदलला की उत्तर बदलते :

१९९५ मध्ये न्यायालयाने विचारलेला प्रश्न होता, ‘काय नुकसान झाले आहे?’ २००४ च्या अहवालासाठी तुतिकोरिन बंदर न्यासाने नीरीकडे सोपविलेले काम वेगळ्या जातीचे होते : नियोजित कालव्याचे परिणाम सांगा आणि ते सौम्य करण्याचे उपाय सुचवा. दुसऱ्या प्रश्नात प्रकल्प होणार हे जवळजवळ गृहीतच असते. प्रकल्पाचा पुरस्कर्ताच सल्लागार नेमतो आणि त्याचे शुल्कही देतो, ही व्यवस्था १९९४ च्या अधिसूचनेपासून आपल्याकडे रुजली आणि २००६ च्या अधिसूचनेनेही ती कायम ठेवली. त्यामुळे येथे दोष एका संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तीच संस्था, तीच प्रयोगशाळा, तीच शिस्त. प्रश्न विचारणारा बदलताच गद्याचा सूर बदलतो, हे दोन अहवाल एकापाठोपाठ वाचणाऱ्यास सहज जाणवावे.

मन्नारचे आखात हे भारतीय सागरी जीवशास्त्राचे माहेरघर म्हटले तरी चालेल. २१ बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान येथे १९८६ मध्ये घोषित झाले आणि १९८९ मध्ये १०,५०० चौरस किलोमीटरचे जीवावरण राखीव क्षेत्र. प्रवाळ, समुद्री गवताची कुरणे, त्यांवर चरणारी समुद्रगाय असे ३,६०० हून अधिक जातींचे हे जग. त्याच्या कडेने १६७ किलोमीटर लांब, ३०० मीटर रुंद आणि १२ मीटर खोल मार्ग काढावयाचा होता. त्यासाठी आठ कोटी घनमीटरांहून अधिक गाळ उपसावा लागणार होता. अहवालाचा मुख्य युक्तिवाद अंतराचा आहे : मार्ग प्रवाळ बेटांपासून पुरेसा दूर आहे, म्हणून प्रवाळ सुरक्षित. परंतु प्रवाळाला धोका मार्गापासून नसतो, गाळापासून असतो; आणि गाळ नकाशावरील रेषेत राहत नाही. पाण्यात तरंगणारे बारीक कण सूर्यप्रकाश अडवितात, प्रवाळांच्या शरीरात राहून त्यांना अन्न पुरविणाऱ्या सूक्ष्म शैवलांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, आणि कण प्रवाळावर बसले की ते झटकण्यातच त्याची शक्ती खर्ची पडते. पाल्कची सामुद्रधुनी ही गाळ साठण्याचीच जागा आहे, येथे वादळे येतात, डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव पुसून टाकले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. तो लक्षात घेता ‘एकदा उपसा’ आणि ‘कायमचा उपसा’ यांतील भेद अहवालात अधिक ठळकपणे यावयास हवा होता.

अहवाल सादर झाल्यानंतर काही महिन्यांतच, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामी आली. अहवालाने तिचे भाकीत करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र किनाऱ्याचा संपूर्ण भूगोल एका सकाळी बदलल्यावर जुन्या आकडेवारीवर प्रकल्प पुढे नेणे शास्त्रीय कसे ठरते, हा प्रश्न उरतो. मार्च २००५ मध्ये पंतप्रधान कार्यालयानेही बंदर न्यासाला त्सुनामी व गाळ यांसंबंधी विचारणा केली होती. तरीही २ जुलै २००५ रोजी मदुराई येथे प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पुढे रामसेतूचा वाद उभा राहिला, काम थांबले, २००८ मध्ये आर. के. पचौरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तिने पर्यायी मार्गही हितावह नसल्याचा निर्वाळा दिला. या साऱ्या गदारोळात एक गोष्ट मात्र नोंदविण्यासारखी आहे. प्रवाळांसाठी आणि मच्छिमारांसाठी मांडलेले युक्तिवाद श्रद्धेच्या वादाने झाकोळले गेले. प्रकल्प थांबला, पण अहवालातील जीवशास्त्राची सार्वजनिक चिकित्सा अर्धवटच राहिली.

जैतापूर : उष्णतेचा हिशेब :

तिन्ही अहवालांत महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा अर्थातच जैतापूरचा. राजापूर तालुक्यातील माडबन येथे प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, असा हा प्रस्ताव. १६ मे २०१० रोजी जनसुनावणी झाली आणि २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी मिळाली.

अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश विजेत रूपांतरित होते. उरलेली दोन तृतीयांश कोठेतरी सोडावी लागते. येथे ती समुद्रात सोडावयाची आहे. सहा भट्ट्यांची मिळून ही उष्णता १७ ते १८ हजार मेगावॅटच्या घरात जाते, म्हणजे निर्माण होणाऱ्या विजेच्या जवळजवळ दुप्पट. त्यासाठी दररोज सुमारे ५,२०० कोटी लिटर समुद्राचे पाणी आत घेऊन गरम करून परत सोडले जाणार, असा हिशेब मांडला गेला. सभोवतालच्या पाण्यापेक्षा सोडलेल्या पाण्याचे तापमान ७ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक चालते असा प्रचलित निकष होता. मंजुरीतील अटीने तो ५ अंशांवर आणला. वृत्तपत्रांतून ही अट पर्यावरणाचा विजय म्हणून सांगितली गेली. वस्तुतः उष्णता तेवढीच राहते. तापमानातील फरक कमी करावयाचा तर त्याच प्रमाणात अधिक पाणी आत घ्यावे लागते, किंवा सोडण्यापूर्वी ते अन्य मार्गाने निववावे वा मिसळावे लागते. अधिक पाणी घेतले, तर त्या पाण्याबरोबर माशांची अंडी, अळ्या आणि प्लवक अधिक संख्येने आत ओढले जातात. जाळीवर अडकणारा मासा मोजता येतो. जाळीतून आरपार जाऊन संघनकाची उष्णता, दाब आणि शेवाळ साचू नये म्हणून सोडलेले क्लोरीन सोसणारी अंडी मोजण्यासाठी स्वतंत्र, वर्षभराचा अभ्यास लागतो. सागरी जीवशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न ५ की ७ हा नसून दररोज किती जिवंत पाणी यंत्रातून फिरते, हा आहे. चर्चा मात्र अंशांभोवतीच फिरत राहिली.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने याच काळात स्वतंत्र पाहणी करून, सततच्या अर्ध्या अंशाच्या तापमानवाढीनेही सागरी जीव दगावू शकतात, असे मत मांडले. हे विधान विरोधाच्या प्रत्येक पत्रकात उतरले. तेही जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही. कोणती जाती, कोणत्या वयात, किती काळ, हे सांगितल्यावाचून ‘अर्धा अंश’ हा आकडाही ‘सात अंश’ इतकाच बोथट राहतो. मात्र त्यामागील तत्त्व पक्के आहे. उष्ण कटिबंधातील बहुतेक सागरी जीव आधीच त्यांच्या सहनशीलतेच्या वरच्या टोकाजवळ जगत असतात. थंड प्रदेशातील जीवांपाशी असतो तेवढा मोकळा पल्ला त्यांच्यापाशी नसतो. युरोपातील किनाऱ्यांवरचा अनुभव राजापूरच्या खाडीला लावताना हा भेद विसरून चालत नाही.

ऋतूंचे मौन :

आपल्याकडील आघात मूल्यमापनाच्या प्रथेत शीघ्र अहवालासाठी एका ऋतूची आकडेवारी पुरेशी मानली गेली, आणि तो ऋतू पावसाळा सोडून अन्य असावा, असा संकेत आहे. गंगेच्या खोऱ्यातील एखाद्या कारखान्याच्या धुराचे मोजमाप करताना या संकेताला अर्थ असेल. कोकणच्या समुद्राला तो लावला की अहवालातून समुद्राचे हृदयच वगळले जाते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोल पाण्यातील पोषक द्रव्ये वर येतात, वनस्पतिप्लवक फोफावतात, त्यामागून तारली आणि बांगड्याचे थवे येतात. नद्यांचे गोडे पाणी खाड्यांत शिरते, क्षारता कोसळते आणि अनेक जातींचे प्रजनन याच उलथापालथीशी बांधलेले असते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते ती याचसाठी. आणि शासनाची बंदी येण्यापूर्वी कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवीतच असे. मच्छिमाराला जे महिने समुद्रासाठी राखून ठेवण्याचे वाटतात, तेच महिने अहवालकार मोजणीतून वगळतो. ही विसंगती कोणत्याही एका संस्थेची नाही, पण ती कोणत्याही संस्थेने मोठ्या आवाजात बोलून दाखविलेली नाही, हेही खरे.

या मौनाचे एक मूळ भाषेत आहे. नीरीचा जन्म पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांच्या अभियांत्रिकीतून झाला. तिचे या क्षेत्रातील कार्य मोठे आहे. नागपूरकरांना ते निराळे सांगावयास नको. परंतु सांडपाण्याच्या शास्त्रात नदी वा समुद्र हा ‘ग्रहण करणारा’ असतो. किती भार टाकला, किती विरळ झाला, किती सामावून घेतला गेला, हीच त्या शास्त्राची क्रियापदे. ती अहवालात आली की समुद्र कर्ता राहत नाही, केवळ पात्र उरतो, आणि तेही भांडे या अर्थाने. कोकणी मच्छिमाराच्या बोलीत याच पाण्याला उधाण आणि भांग आहे, खाजण आहे, तिवर आहे, रापणीची जागा आणि डोलीची जागा निराळी आहे. या प्रत्येक शब्दात स्थळ, काळ आणि जीव यांचे निरीक्षण साठविलेले आहे. ‘खाजण’ या एका शब्दात भरतीची मर्यादा, मातीचा क्षार आणि पिकाची शक्यता अशी तिन्ही माहिती असते. अहवालातील ‘दलदलीचा भाग’ या नोंदीत त्यांतील एकही नसते. माडबनच्या जांभ्या दगडाच्या पठाराला कोकणात ‘सडा’ म्हणतात. प्रकल्पाच्या बाजूने मांडणी करताना त्यालाच ओसाड जमीन म्हटले गेले. पावसाळ्यात या सड्यांवर उगविणाऱ्या वनस्पतींचे वैविध्य पश्चिम घाटाच्या अभ्यासकांना चांगलेच ठाऊक आहे. येथेही वगळला गेला तो पावसाळाच. स्थानिक शब्दसंपदा विज्ञानाच्या कामी येते, हे सिद्ध करण्यासाठी कोकणापर्यंत जाण्याचीही गरज नाही. भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत तलावांच्या पुनरुज्जीवनाचे जे काम झाले, त्यात ढिवर समाजाला नावानिशी ठाऊक असलेल्या पाणवनस्पतींच्या ज्ञानाचाच आधार होता.

भाषेचा प्रश्न याहून साध्या पातळीवरही आहे. शेकडो पृष्ठांचा मूळ अहवाल इंग्रजीत, आणि ज्यांच्या खाडीविषयी तो आहे त्यांच्यासाठी मराठीत सारांश. संपूर्ण अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, ही माडबनच्या सुनावणीतील मुख्य तक्रारींपैकी एक होती. सारांशात निष्कर्ष येतात, पद्धती येत नाहीत. आणि जेथे पद्धती नाही तेथे वाचक सहमत होऊ शकतो किंवा संतापू शकतो, चिकित्सा करू शकत नाही. साखरी नाटे येथील मच्छिमारांचा विरोध भावनिक असल्याचे म्हटले गेले, तेव्हा त्यांच्या हाती युक्तिवादासाठी नेमके काय दिले गेले होते, हे विचारावयास हवे होते. मंजुरीला दीड दशक उलटून गेले तरी माडबनला अणुभट्टी उभी राहिलेली नाही. या काळात राजापूर व विजयदुर्ग खाड्यांचा बारमाही अभ्यास होऊन त्याची मराठी प्रत गावोगावी पोहोचविता आली असती.

न्यायालये वाचू लागली :

अलीकडच्या काळात या अहवालांना चिकित्सक वाचक मिळू लागले आहेत, ते प्रामुख्याने न्यायासनावर. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई किनारी रस्त्याची किनारा नियमन परवानगी रद्द केली, तेव्हा योग्य शास्त्रीय अभ्यासाचा अभाव आणि तिकडे संबंधित यंत्रणांनी केलेले दुर्लक्ष यांवर नेमके बोट ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. त्याच किनाऱ्यावर, हाजी अली व वरळीच्या खडकांवर, प्रवाळ आढळले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील हे जीव २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली अन्यत्र हलवावे लागले. मुंबईसारख्या, शतकाहून अधिक काळ निसर्ग अभ्यासकांचे केंद्र असलेल्या शहरात भरावाचे काम सुरू झाल्यावर प्रवाळांची व्यवस्था लावावी लागते, तर आंबोळगड वा विजयदुर्गच्या खडकांची मोजणी किती झाली असेल, याची कल्पना करता येते.

मोजणीसाठी साधने नाहीत असेही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून कार्यरत आहे आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची आकडेवारी ती सातत्याने ठेवते. मात्र ती राज्य व जिल्हा पातळीवर बोलते, एका खाडीविषयी नव्हे. रत्नागिरीत कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे, आणि त्याविषयी स्थानिकांचा अविश्वास अद्याप ओसरलेला नाही. याखेरीज गावोगावच्या मच्छिमार सहकारी संस्थांच्या दप्तरांत मासळीच्या व्यवहाराच्या नोंदी असतात. कोणत्या महिन्यात कोणती मासळी किती आली, हे त्यांतून वर्षानुवर्षे मागे जाऊन काढता येईल. आघात मूल्यमापनाच्या विहित नमुन्यात या दप्तरांसाठी रकाना नाही.

पदवी स्तरावर सर्व शाखांना पर्यावरण अभ्यास हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सक्तीचा झाला, त्याला आता दोन दशके होऊन गेली. त्याच्या पाठ्यपुस्तकांत आघात मूल्यमापनावर एक प्रकरण असते. त्यात टप्पे, व्याख्या आणि फायदे असतात. प्रत्यक्ष अहवालाचे एकही पान त्यात नसते. नागपूरच्या महाविद्यालयांना या बाबतीत एक सोय आहे, जी किनाऱ्यावरील महाविद्यालयांनाही नाही : ज्या संस्थेने हे लेखन केले, ती याच शहरात आहे, तिचे निवृत्त व कार्यरत शास्त्रज्ञ येथेच राहतात. एस. जगन्नाथ खटल्याचे निकालपत्र, सेतुसमुद्रमचा अहवाल आणि जैतापूरचा सारांश असे तिन्ही दस्तऐवज एका सत्रात शेजारी ठेवून, ते लिहिणाऱ्यांपैकी कोणाला वर्गात बोलावून, पावसाळ्याच्या चार महिन्यांचे रकाने कोरे का राहिले, हे विचारणे येथे शक्य आहे.